ॲक्युपंक्चर: कोणत्या दुखण्यावर आणि कितपत? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

ॲक्युपंक्चरविषयी, म्हणजे शरीरावरच्या ठरावीक बिंदूंवर बारीक सुया टोचून करायच्या चिनी उपचाराविषयी, आलेल्या पत्रांतील निवडक पत्रांना या अंकात उत्तरे दिली आहेत. पत्रे संक्षिप्त केली असून वाचकांची नावे दिलेली नाहीत. येथील माहिती प्रत्यक्ष तपासणीला पर्याय नाही, हे कृपया ध्यानात ठेवावे.

प्रश्न: माझे वय ३८ आहे. अनेक वर्षांपासून मला अर्धशिशी आहे. महिन्यातून सहा-सात वेळा डोके दुखते, उलट्या होतात, उजेड सहन होत नाही. डॉक्टरांनी रोज घेण्यासाठी प्रोप्रॅनोलॉलची गोळी दिली आहे. तिने फरक पडला, पण दिवसभर थकवा वाटतो. नणंदेच्या ओळखीचे एक ॲक्युपंक्चर तज्ज्ञ म्हणतात की गोळ्या बंद करा, सहा महिन्यांत आजार मुळापासून जाईल. काय करावे?
— एक वाचक, नाशिक

उत्तर: आपल्या पत्रात दोन वेगळे प्रश्न आहेत. अर्धशिशीसाठी ॲक्युपंक्चर घ्यावे का, हा पहिला, आणि त्यासाठी गोळी बंद करावी का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर ‘अवश्य घेऊन पाहा’ असे आहे आणि दुसऱ्याचे उत्तर ‘स्वतःच्या मनाने मुळीच नाही’ असे आहे.

ज्या आजारांत ॲक्युपंक्चरचा उपयोग होतो असे बऱ्यापैकी खात्रीने म्हणता येते, त्यांत अर्धशिशीचा क्रमांक फार वरचा आहे. कॉक्रेन ही आंतरराष्ट्रीय संस्था एखाद्या उपचाराविषयी जगभर झालेल्या चाचण्या गोळा करून त्यांचा एकत्रित आढावा घेते. अर्धशिशीविषयीचा तिचा आढावा २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात २२ चाचण्या आणि सुमारे पाच हजार रुग्ण होते. ज्यांनी नेहमीच्या उपचारांबरोबर ॲक्युपंक्चर घेतले, त्यांच्यापैकी शंभरात ४१ जणांची डोकेदुखी निम्म्यावर आली, तर ज्यांनी ते घेतले नाही त्यांच्यात हे प्रमाण शंभरात १७ होते. रोज घ्यायच्या प्रतिबंधक औषधांशी तुलना केली तेव्हा तीन महिन्यांनंतर ॲक्युपंक्चर घेणाऱ्या शंभरांपैकी ५७ जणांना आणि औषधे घेणाऱ्या शंभरांपैकी ४६ जणांना असा निम्म्याने आराम पडलेला दिसला. शिवाय दुष्परिणामांमुळे उपचार मध्येच सोडणाऱ्यांची संख्या ॲक्युपंक्चरच्या गटात कमी होती. गोळीने थकवा येणाऱ्या आपल्यासारख्या रुग्णाच्या दृष्टीने ही शेवटची गोष्ट महत्त्वाची आहे.

मात्र या आकड्यांतून अर्धशिशी ‘मुळापासून’ जाते असा अर्थ निघत नाही. अर्धशिशी ही मेंदूची एक प्रवृत्ती आहे आणि ती बहुधा आनुवंशिक असते. दुखण्याचे झटके कमी करणे, त्यांची तीव्रता उतरवणे आणि महिन्यातले चांगले दिवस वाढवणे हेच कोणत्याही प्रतिबंधक उपचाराचे ध्येय असते, मग ती गोळी असो वा सुई. याहून अधिक आश्वासन देणाऱ्याविषयी मी सावध राहीन.

प्रोप्रॅनोलॉल एकाएकी बंद करणे धोक्याचे आहे, कारण त्याने नाडीचे ठोके आणि रक्तदाब अचानक वाढू शकतात, आणि हृदयविकार असलेल्यांना तर त्याचा गंभीर त्रास होऊ शकतो. आधी ॲक्युपंक्चर सुरू करावे. त्या काळात डोकेदुखीची वही ठेवावी आणि तारीख, किती तास दुखले, उलटी झाली का, कोणती वेदनाशामक गोळी घेतली, इतके तरी तीत लिहावे. किमान सहा सिटिंग झाल्याखेरीज निष्कर्ष काढू नये, आणि आठ-दहा झाल्यावरही वहीत फरक दिसत नसेल तर पुढे चालू ठेवू नये. फरक दिसला तर ती वही घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जावे. ते गोळीचा डोस टप्प्याटप्प्याने उतरवतील.

त्या वहीत आणखी एक गोष्ट पाहावी. महिन्यातले १५ किंवा अधिक दिवस साध्या वेदनाशामक गोळ्या, अथवा १० किंवा अधिक दिवस ट्रिप्टान गटातल्या (अर्धशिशीच्या झटक्यावर घ्यायच्या) किंवा मिश्र वेदनाशामक गोळ्या घेतल्या जात असतील, तर त्या गोळ्यांमुळेच डोकेदुखी टिकून राहते. त्या अवस्थेत आधी गोळ्यांची सवय सोडवावी लागते. डोकेदुखी आयुष्यात कधी नव्हती इतकी तीव्र आणि क्षणार्धात सुरू झाली, तिच्यासोबत ताप आणि मान आखडणे असेल, हातापायात अशक्तपणा किंवा बोलण्यात अडखळणे असेल, किंवा पन्नाशीनंतर ती प्रथमच सुरू झाली असेल, तर सुयांचा विचार बाजूला ठेवून त्वरित तपासणी करून घ्यावी.

प्रश्न: आईचे वय ६७ आहे. दोन्ही गुडघ्यांतली गादी झिजली आहे. अस्थिरोगतज्ज्ञांनी आज ना उद्या सांधा बदलावा लागेल असे सांगितले आहे. गावातल्या एका केंद्रात तीस सिटिंगचे पॅकेज आहे आणि सुयांनी गादी पुन्हा तयार होते असे ते सांगतात. आई शस्त्रक्रियेला घाबरते, म्हणून तिचा ओढा तिकडे आहे.
— एक वाचक, कोल्हापूर जिल्हा

उत्तर: झिजलेली कूर्चा ॲक्युपंक्चरने पुन्हा तयार होत नाही. हे विधान जाहिरातीत असेल तर त्या केंद्राच्या इतर विधानांकडेही तितक्याच संशयाने पाहावे.

वेदनेपुरते बोलायचे तर गुडघ्याच्या संधिवाताबाबत चित्र संमिश्र आहे. सुया घेतल्यावर अनेक रुग्णांचे दुखणे काही आठवडे किंवा महिने कमी होते, पण खरी सुई आणि नकली सुई (चाचणीत तुलनेसाठी भलत्याच जागी वरवर टोचलेली किंवा त्वचेत न शिरणारी) यांची तुलना केली की फरक लहान दिसतो. त्यामुळे वेगवेगळ्या देशांनी वेगवेगळे निर्णय घेतले आहेत. जर्मनीत मोठ्या चाचण्यांनंतर २००७ पासून जुनाट कंबरदुखी आणि गुडघ्याचा संधिवात या दोन दुखण्यांसाठी तिथल्या सार्वजनिक आरोग्यविम्यातून ॲक्युपंक्चरचा खर्च मिळतो. उलट ब्रिटनमध्ये आरोग्यसेवेसाठी मार्गदर्शक सूचना तयार करणाऱ्या नाईस या संस्थेने २०२२ मध्ये संधिवातासाठी ॲक्युपंक्चर देऊ नये असे सांगितले. पुरावा जवळपास तोच, पण ‘इतक्या फरकासाठी सरकारने पैसे खर्च करावेत का’ या प्रश्नाचे उत्तर दोघांनी निराळे दिले. माझे मत असे आहे की वेदनाशामक गोळ्यांनी ज्यांच्या पोटाला किंवा मूत्रपिंडाला त्रास होतो अशा वृद्ध रुग्णाने, खर्च परवडत असेल तर, सहा ते आठ सिटिंग घेऊन पाहण्यास हरकत नाही. तीस सिटिंगचे पैसे मात्र आधी भरू नयेत. उपयोग होतो की नाही हे कळण्यापूर्वीच पूर्ण रक्कम घेणारी व्यवस्था रुग्णाच्या हिताची नसते.

सुयांपेक्षा ज्या दोन गोष्टींचा गुडघ्याला निश्चित उपयोग आहे त्या आपल्या पत्रात कुठेच नाहीत, म्हणून त्या मुद्दाम सांगतो. पहिली म्हणजे मांडीच्या पुढच्या स्नायूंना बळकटी देणारा व्यायाम, जो फिजिओथेरपिस्टकडून शिकून रोज करावा लागतो. दुसरी म्हणजे वजन. वजन एक किलोने उतरले तर चालताना प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने कमी होतो. याखेरीज मांडी घालून किंवा उकिडवे बसण्याऐवजी खुर्ची आणि कमोड वापरणे, जिन्यात कठड्याचा आधार घेणे, या साध्या बदलांनीही दुखणे बरेच आटोक्यात राहते. आणि रात्री झोपमोड होऊ लागली, घराबाहेर पडणे थांबले, तर शस्त्रक्रिया लांबवण्यात शहाणपणा नाही. वेळीच आणि नीट झालेल्या सांधेबदलानंतर बहुतेक वृद्ध पुन्हा हिंडूफिरू लागतात, हे आईंना कुणी शांतपणे समजावून सांगावे. शस्त्रक्रिया झालेल्या एखाद्या परिचित बाईंशी त्यांची भेट घडवून दिली तर अधिक बरे.

प्रश्न: मी विज्ञानाचा निवृत्त शिक्षक आहे. ‘ची’ नावाची ऊर्जा, तिच्या वाहिन्या, त्यांतले अडथळे, यांतले काहीही शवविच्छेदनात सापडत नाही. मग ही सारी मनाची समजूतच नव्हे काय? आणि तसे असेल तर आपल्यासारख्यांनी तिला मासिकातून प्रतिष्ठा का द्यावी?
— एक वाचक, सातारा

उत्तर: आपला प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो आणि त्याचे उत्तर एका वाक्यात देता येणार नाही.

वाहिन्यांविषयीचे आपले म्हणणे मान्य आहे. प्राचीन चिनी वैद्यकाने शरीराचा जो नकाशा कल्पिला त्याला शरीररचनाशास्त्रात आधार सापडलेला नाही. पण एखाद्या उपचारामागचा सिद्धांत चुकीचा असला तरी उपचार निरुपयोगी ठरतोच असे नाही. त्यासाठी उपचाराची स्वतंत्र परीक्षा घ्यावी लागते, आणि ॲक्युपंक्चरची अशी परीक्षा गेल्या पन्नास वर्षांत पुष्कळ झाली आहे.

अडचण अशी की गोळीच्या चाचणीत तुलनेसाठी औषध नसलेली, नुसती साखरेची गोळी देता येते, सुईच्या चाचणीत काय द्यायचे? यावर संशोधकांनी दोन मार्ग काढले. एकात सुया शास्त्रोक्त बिंदूंवर न टोचता भलत्याच जागी आणि अगदी वरवर टोचतात. दुसऱ्यात बोथट टोकाची, दांड्यात मागे सरकणारी सुई वापरतात. ती त्वचेला लागते, आत गेल्यासारखी दिसते, पण त्वचेत शिरत नाही. जर्मनीत जुनाट कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांवर झालेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पहिला मार्ग वापरला होता. सहा महिन्यांनंतर खऱ्या ॲक्युपंक्चरच्या गटात ४७.६ टक्के, नकलीच्या गटात ४४.२ टक्के आणि औषधे, व्यायाम, फिजिओथेरपी असे नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत २७.४ टक्के रुग्णांना ठळक आराम पडला होता.

हे आकडे दोन्ही बाजूंना अडचणीत टाकतात. बिंदू नेमका कुठे यावर ज्यांची सारी भिस्त आहे, त्यांना खऱ्या-नकलीत जवळजवळ फरक का नाही याचे उत्तर द्यावे लागते. सारे थोतांड आहे असे म्हणणाऱ्यांना नेहमीचे उपचार इतके मागे का पडले याचे उत्तर द्यावे लागते. पुढे २०१८ मध्ये ३९ चाचण्यांतील २०,८२७ रुग्णांची मूळ माहिती एकत्र करून नव्याने विश्लेषण झाले. त्यात पाठदुखी, मानदुखी, संधिवात, जुनाट डोकेदुखी आणि खांदेदुखी होती. खरी सुई नकलीपेक्षा थोडी, पण योगायोगाने येणार नाही इतकी सरस ठरली, आणि सुई न घेतलेल्यांपेक्षा बरीच सरस ठरली. उपचार संपल्यावर वर्षभरानंतरही त्या लाभाचा सुमारे ८५ टक्के भाग टिकून होता. केवळ अपेक्षेने वाटणारा आराम इतके दिवस टिकेल असे मला वाटत नाही, परंतु अपेक्षा, तज्ज्ञाने दिलेला वेळ आणि स्पर्श यांचा या लाभात मोठा वाटा आहे हेही प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

उरलेला वाटा कशाचा, याविषयी काही धागे हाती आले आहेत. सुई टोचल्यावर मज्जातंतू उत्तेजित होतात आणि मेंदूत एंडॉर्फिन ही शरीराची स्वतःची वेदनाशामक द्रव्ये स्रवतात. त्यांना रोखणारे नॅलोक्सोन दिले की काही प्रयोगांत सुईचा परिणाम नाहीसा झाला. २०१० मध्ये उंदरांवरील प्रयोगात सुई फिरवलेल्या जागी ॲडिनोसीन हे वेदना मंदावणारे द्रव्य वाढलेले आढळले. या साऱ्या गोष्टी वेदनेशी संबंधित आहेत, हे आपण लक्षात घ्यावे. ॲक्युपंक्चरची मर्यादाही मला तिथेच दिसते. वेदना आणि मळमळ ही मज्जासंस्थेतून जाणवणारी लक्षणे आहेत आणि तिथे सुई काही करू शकते. जंतुसंसर्ग, गाठी, रक्तातली साखर, अरुंद झालेल्या रोहिण्या यांच्यापर्यंत तिचा हात पोचतो असे मानायला आधार नाही.

प्रतिष्ठेविषयी एवढेच म्हणतो की लोक सुया घेतातच. त्या कुठे घ्याव्यात आणि कुठे घेऊ नयेत हे कुणी सांगितले नाही, तर ते काम जाहिराती करतात.

प्रश्न: एका दवाखान्यात जागतिक आरोग्य संघटनेच्या नावाने आजारांची मोठी यादी लावलेली पाहिली. तीत दमा, लकवा, उच्च रक्तदाब, मधुमेह असे अनेक आजार होते. मला मधुमेह आहे आणि पायांची आग होते. ही यादी खरी का?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर: या यादीमागे एक इतिहास आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९७९ मध्ये ॲक्युपंक्चर ज्यांवर वापरता येईल अशा ४३ आजारांची यादी प्रसिद्ध केली, पण ती प्रामुख्याने वैद्यांच्या अनुभवावर आधारलेली होती. पुढे २००२ च्या सुमारास त्याच संघटनेने चाचण्यांचा आढावा घेणारी पुस्तिका काढली आणि तीत २८ आजारांवर उपयोग सिद्ध झाल्याचे म्हटले. त्या पुस्तिकेवर तज्ज्ञांनी बरीच टीका केली, कारण तीत लहान आणि सदोष चाचण्याही चांगल्या चाचण्यांच्या पंक्तीला बसवल्या होत्या. दवाखान्यांच्या भिंतींवरच्या याद्या बहुधा या दोहोंवरून घेतलेल्या असतात आणि उतरवताना त्यांत आणखी नावे मिसळली जातात.

नंतरच्या काटेकोर चाचण्यांनी ती यादी पुष्कळ आखूड केली आहे. अर्धशिशी, ताणामुळे होणारी वारंवार डोकेदुखी, जुनाट कंबरदुखी आणि मानदुखी, शस्त्रक्रियेनंतरची मळमळ यांबाबत विश्वासाने बोलता येते. ॲलर्जीच्या सर्दीत थोडा उपयोग दिसतो. धूम्रपान सुटण्यासाठी किंवा पक्षाघातातून सावरण्यासाठी तो होतो असे ठामपणे म्हणण्याइतका पुरावा नाही.

मधुमेहासाठी सुई हा उपचार नाही. आपली मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन त्यासाठी एक दिवसही थांबवू नये. पायांची आग बहुधा मज्जातंतूंच्या इजेमुळे असते आणि साखर आटोक्यात ठेवणे हाच तिचा पाया आहे. त्याशिवाय तिच्यावर परिणामकारक औषधे आहेत. त्या दुखण्यापुरते ॲक्युपंक्चर घ्यावेसे वाटल्यास एक धोका लक्षात ठेवावा: बधिर झालेल्या पायात सुई टोचल्याचे किंवा नंतर जखम चिघळल्याचे कळत नाही. मधुमेही पावलांत सुया किंवा धगीचे शेक मी घेऊ देणार नाही.

प्रश्न: पत्नीची स्तनाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया झाली असून केमो सुरू आहे. औषधे घेऊनही मळमळ राहते. यापुढे तिला लेट्रोझोलच्या गोळ्या अनेक वर्षे घ्याव्या लागणार आहेत. ॲक्युपंक्चरने मदत होईल का, की या अवस्थेत ते धोकादायक आहे?
— एक वाचक, ठाणे

उत्तर: कर्करोगावर ॲक्युपंक्चरचा परिणाम होत नाही, पण कर्करोगाच्या उपचारांनी होणाऱ्या त्रासावर होऊ शकतो. आपल्या प्रश्नातल्या दोन्ही त्रासांविषयी बऱ्यापैकी अभ्यास झाला आहे.

मळमळीसाठी मनगटाजवळचा एक बिंदू वापरतात. चिनी परंपरेत त्याला नेइगुआन म्हणतात. तळहात वर करून मनगटाच्या घडीपासून कोपराच्या दिशेने तीन बोटे आडवी ठेवावीत. त्या बोटांच्या कडेला, मधोमध जाणाऱ्या दोन ठळक शिरांसारख्या स्नायुबंधांमधली जागा म्हणजे तो बिंदू. शस्त्रक्रियेनंतरच्या मळमळीबाबत या बिंदूवर ५९ चाचण्या झाल्या आहेत, आणि २०१५ च्या कॉक्रेन आढाव्यानुसार तो उत्तेजित केल्याने मळमळ आणि उलट्या कमी होतात. केमोच्या पहिल्या दिवशीच्या मळमळीत या बिंदूवर नुसते दाबण्याचाही उपयोग झाल्याचे दिसले आहे. त्यामुळे आपण घरी सुईविना सुरुवात करू शकता. अंगठ्याने दोन-तीन मिनिटे घट्ट पण दुखणार नाही इतके दाबावे आणि दिवसातून काही वेळा तसे करावे. उलटीच्या गोळ्या मात्र ठरल्याप्रमाणे घ्यायच्याच आहेत. मळमळ तरीही राहत असेल तर कर्करोगतज्ज्ञांना स्पष्ट सांगावे, कारण हल्ली त्यासाठी अनेक औषधे आहेत आणि ती बदलून देता येतात. रुग्ण पुष्कळदा ‘एवढे तर होणारच’ म्हणून सोसत राहतात, ते बरोबर नाही.

लेट्रोझोल आणि त्या गटातल्या इतर गोळ्यांनी पुष्कळ स्त्रियांचे सांधे आखडतात आणि दुखतात, इतके की काहीजणी गोळी मध्येच सोडतात आणि आजार उलटण्याची शक्यता वाढते. अमेरिकेत २२६ स्त्रियांवर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत बारा आठवड्यांच्या ॲक्युपंक्चरने हे दुखणे नकली सुयांपेक्षा अधिक कमी झाले. फरक दहाच्या मोजपट्टीवर सुमारे एक अंकाचा, म्हणजे माफक होता. तरीही कर्करोगतज्ज्ञांच्या अमेरिकी संघटनेने २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत या दुखण्यासाठी ॲक्युपंक्चरची शिफारस केली आहे. ज्या गोळीवर पुढच्या वर्षांचे आयुष्य अवलंबून आहे ती चालू राहावी यासाठी एवढीही मदत मोलाची वाटते.

धोक्याविषयीची आपली शंका रास्त आहे. केमोच्या काळात पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट घटतात, म्हणून संसर्गाची किंवा रक्तस्रावाची शक्यता वाढते. प्रत्येक वेळी ताजी रक्ततपासणी दाखवून कर्करोगतज्ज्ञांची परवानगी घ्यावी. ज्या बाजूच्या काखेतल्या गाठी काढल्या आहेत त्या हातात सुई टोचू देऊ नये.

प्रश्न: मला पीसीओएस (बीजांडकोशांचे काम बिघडवणारा संप्रेरकांचा विकार) आहे. गर्भधारणेसाठी औषधे सुरू आहेत. त्यासोबत सुया घेतल्यास लवकर दिवस राहतात असे वाचले.
— एक वाचक, पुणे

उत्तर: या प्रश्नावर चीनमध्येच एक मोठी आणि उत्तम आखलेली चाचणी झाली. पीसीओएस असलेल्या एक हजार स्त्रियांवरील या चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. क्लोमिफीन हे बीज सुटण्यास मदत करणारे औषध घेतलेल्यांत सुमारे २९ टक्के आणि ते न घेतलेल्यांत सुमारे १५ टक्के स्त्रियांना मूल झाले. सुई खरी होती की नकली याने काहीच फरक पडला नाही. टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारांबाबत ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या ८४८ स्त्रियांवरील २०१८ च्या चाचणीतही खऱ्या सुयांच्या गटात १८.३ टक्के आणि नकलीच्या गटात १७.८ टक्के, म्हणजे जवळपास सारख्याच प्रमाणात स्त्रियांना मूल झाले.

आपल्या वयाचा उल्लेख पत्रात नाही. पस्तिशी जवळ आली असेल तर सुयांच्या आशेवर महिने घालवणे महाग पडेल. तो वेळ आणि पैसा स्त्रीरोगतज्ज्ञांच्या उपचारांसाठी राखून ठेवावा.

प्रश्न: सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांनी ही विद्या चीनमधून भारतात आणली, हे खरे का? आणि आज महाराष्ट्रात चांगला ॲक्युपंक्चर तज्ज्ञ कसा ओळखावा? सुयांचे धोके काय?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर: डॉ. कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांपैकी एक होते. त्याच पथकात नागपूरचे डॉ. चोळकर आणि कोलकात्याचे डॉ. बिजॉय कुमार बसू हेही होते. कोटणीस शल्यचिकित्सक होते. युद्धभूमीवरच्या जखमींची सेवा करता करता डिसेंबर १९४२ मध्ये त्यांचे तिथेच निधन झाले, त्यामुळे परत येऊन काही रुजवण्याची संधी त्यांना मिळाली नाही. ॲक्युपंक्चर भारतात आणण्याचे श्रेय डॉ. बसूंना दिले जाते. पुढे पुन्हा चीनला जाऊन त्यांनी ते शिकून घेतले आणि १९५९ पासून कोलकात्यात त्याचा वापर सुरू केला. दोन्ही नावे एकाच पथकातली असल्याने हा घोटाळा होतो, आणि त्यात कोटणीसांच्या कार्याला काही उणेपणा येत नाही.

महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी २०१५ चा स्वतंत्र अधिनियम आहे आणि त्यानुसार स्थापन झालेल्या परिषदेकडे व्यावसायिकांची नोंदणी होते. म्हणून पहिला प्रश्न नोंदणीचा विचारावा. चांगला तज्ज्ञ आपले आधीचे निदान आणि तपासण्या पाहायला मागतो, चालू औषधे विचारतो, ती बंद करायला सांगत नाही आणि किती सिटिंगनंतर आढावा घेणार हे आधीच सांगतो. सुया निर्जंतुक, एकदाच वापरायच्या आणि आपल्यासमोर पाकीट फोडून काढलेल्या असाव्यात. पुन्हा वापरलेल्या सुयांमधून ब प्रकारची कावीळ पसरल्याच्या नोंदी आहेत, त्यामुळे इथे संकोच करू नये.

सुया केसाहून थोड्याच जाड असतात आणि टोचताना इंजेक्शनइतके दुखत नाही. वीस-तीस मिनिटे त्या ठेवतात, तेव्हा जडपणा किंवा मुंग्या आल्यासारखे वाटते. जर्मनीत सुमारे २ लाख ३० हजार रुग्णांची पाहणी झाली होती. त्यात ८.६ टक्के रुग्णांना काही ना काही त्रास झाला, पण तो बहुतांशी किरकोळ रक्त येणे किंवा काळेनिळे पडणे एवढाच होता. छातीत सुई खोल जाऊन फुप्फुसाभोवती हवा साचण्याचे दोन प्रसंग घडले. अशी घटना फार विरळ असली तरी जिवावर बेतू शकते, म्हणून छाती, खांदा आणि मानेच्या तळाशी सुई टोचणारा हात शिकलेलाच हवा. त्यानंतर धाप लागली तर थेट रुग्णालयात जावे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास, गरोदरपण असल्यास किंवा पेसमेकर बसवलेला असल्यास सुरुवातीलाच सांगावे. पेसमेकर असलेल्यांनी सुयांना वीज जोडण्याचा प्रकार टाळावा. पहिल्या वेळी उपाशीपोटी जाऊ नये आणि झोपूनच सुया घ्याव्यात, कारण काहींना भोवळ येते.

प्रश्न: काटेरी ॲक्युप्रेशर चपला रोज घातल्याने रक्तदाब उतरतो का?
— एक वाचक, जळगाव

उत्तर: नाही. पायांना बरे वाटत असेल तर घराच्या घरी थोडा वेळ घालण्यास हरकत नाही, मात्र मधुमेह असल्यास त्या घालूच नयेत. रक्तदाबाची गोळी आणि कमी मीठ चालू ठेवावे.

प्रश्न: भावाचे तोंड परवा सकाळी अचानक एका बाजूला वाकडे झाले. डोळा मिटत नाही. घरचे म्हणतात की वारे लागले आहे, सुया घेतल्या की सरळ होते. शेजारच्या गावात सुया देणारे आहेत.
— एक वाचक, नांदेड जिल्हा

उत्तर: आपले पत्र मिळताच आम्ही दूरध्वनीवरून उत्तर कळवले आहे. इतर वाचकांना कधी उपयोगी पडावे म्हणून ते येथेही देत आहोत.

तोंड अचानक वाकडे झाले की पहिला प्रश्न असा की हा पक्षाघात तर नव्हे. हात किंवा पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे, चालताना तोल जाणे यांपैकी काहीही असेल, तर क्षणाचाही विलंब न करता सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात पोचावे. रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येते. त्या तासांत सुया, मालीश, देवदेवस्की काहीही मध्ये येऊ देऊ नये.

ही लक्षणे नसतील, कपाळालाही त्या बाजूस आठ्या पडत नसतील आणि डोळा मिटत नसेल, तर बहुधा तो चेहऱ्याच्या मज्जातंतूचा आजार असतो. तरीही ही खात्री घरी न करता डॉक्टरांकडूनच करून घ्यावी. या आजारात स्टिरॉइडच्या गोळ्या पहिल्या ७२ तासांत सुरू झाल्या तर पूर्ण बरे होण्याची शक्यता वाढते. पुष्कळ रुग्ण काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आपोआपही बरे होतात, आणि सुया घेणाऱ्यांना सुयांनीच गुण आला असे वाटण्याचे तेच कारण आहे. या आजारात ॲक्युपंक्चरचा उपयोग होतो असे सांगण्याइतक्या चांगल्या चाचण्या नाहीत. नंतर कधी सुया घ्याव्याशा वाटल्या तर तो रुग्णाचा निर्णय आहे, परंतु त्यासाठी पहिले तीन दिवस वाया जाता कामा नयेत. दरम्यान उघडा राहणारा डोळा कोरडा पडून बुबुळाला इजा होते, म्हणून दिवसा डॉक्टरांनी दिलेले थेंब घालावेत, बाहेर पडताना चष्मा लावावा आणि रात्री मलम घालून पापणी हलकेच चिकटपट्टीने बंद करून झोपावे.